मिठाचं पाणी समुद्राला

रामस्वामी खाटेवरून इतक्या घाईने उठले की अंगाखालची चादर त्यांच्या पायांबरोबर खाली आली. गुडघ्यांसाठी दर गुरुवारी येणारा माणूस, एरवी उठताना कोणाचा तरी खांदा मागणारा. त्या दिवशी आपला आपण उठला आणि दारात जाऊन चपला शोधायला लागला. अन्नपूर्णाबाई उशाशी तशाच उभ्या होत्या, हात पुढे धरून. उजवा हात थरथरत होता. हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या, इतका.

त्यांनी हात मिठाच्या पाण्यात बुडवले तेव्हा तपेलीतलं थोडं पाणी फरशीवर सांडलं. त्या लगेच वाकून पदराने पुसायला लागल्या. दारात रामस्वामी आमच्या मंडळातल्या सहानाला तमिळमध्ये हळू आवाजात सांगत होते की पुढच्या वेळी मला दुसरं कोणी द्या, पाटींचा, म्हणजे आजींचा, हात कपाळावर आला की आपलंच डोकं हलतंय असं वाटतं. माणूस वाईट नाही. बंदरावर हिशेबनीस होता, बायकोच्या मागे एकटा राहतो, जाताना सगळ्यांना वणक्कम करून जातो. पण त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला की मी त्यांच्या चपला स्वतः उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. ते ओशाळले. ओशाळू देत.

हे आमचं मंडळ चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत आहे, देवळामागच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत. खाली भाड्याने राहणाऱ्या एकट्या पुरुषांच्या खोल्या, त्यांचे वाळत घातलेले शर्ट ओलांडून वर यावं लागतं. आमच्याकडे औषध नसतं, सुई नसते. माणसाला खाटेवर झोपवायचं आणि त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, पावलांवर शांतपणे हात ठेवायचे, एवढंच. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. याने रोग जातो का, असं मला कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, मला ठाऊक नाही. मी बँकेत नोकरी केलेली बाई आहे, मला हवेतलं बोलता येत नाही. माणूस जरा हलका होऊन जातो, हे मात्र मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मंडळ सुरू केलं ते कृष्णकांतकाकांनी. साताऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले. त्यांनी घालून दिलेल्या रीतींतली एक या पाण्याची. एका माणसावर हात ठेवून झाले की ते खड्या मिठाच्या पाण्यात धुवायचे. माणसाचं दुखणं हातात उतरतं आणि मीठ ते धरून ठेवतं, असं काका म्हणायचे. संध्याकाळी ते पाणी मोरीत ओतायचं नाही, समुद्रावर न्यायचं. ओतल्यावर मागे वळून बघायचं नाही. आणि ज्याच्या हाती पाणी, त्याने त्या दिवशी खाटेवर झोपायचं नाही, कारण नेणारा माणूस रिकामा झाला तर वाटेत त्याच्यातच काही शिरेल.

आता मंडळ भरायचं ते फक्त गुरुवारी. पाणी पहिल्यापासून अन्नपूर्णाबाईच नेत. त्यामुळे जिने शेकडो माणसांच्या डोक्यावर हात ठेवले, ती बाई स्वतः त्या खाटेवर कधीच झोपली नव्हती. हे आमच्यापैकी कोणाला खटकलंही नव्हतं, इतकी ती सवयीची गोष्ट होती.

बाई तंजावरच्या मराठ्यांपैकी. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांची माणसं तिकडे गेली. त्यांची मराठी आपल्या कानाला जुनी लागते, 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतात, आणि रागावल्या की तमिळवर जातात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. शाळेत शिवण शिकवायच्या. सोवळ्याच्या, हट्टी आणि कॉफीच्या बाबतीत भयंकर चिकित्सक. मी एकदा झटपट होणारी कॉफी करून दिली होती, तर त्यांनी ती तुळशीत ओतली आणि नंतर तुळशीची माफी मागितली.

मी मंडळात आले ती नवरा गेल्यावर. माझा कशावर काडीचा विश्वास नव्हता. शेजारणीने ओढून आणलं म्हणून आले. खाटेवर झोपले आणि बाईंनी डोक्यावर हात ठेवला. दवाखान्यात, स्मशानात, लोकांसमोर न आलेलं रडू त्या दिवशी आलं आणि थांबेना. बाईंनी हात काढला नाही. संध्याकाळी मी जिना उतरत होते तेव्हा माझ्यापुढे त्या चालल्या होत्या, कडीचा स्टीलचा डबा हातात धरून. त्याला त्या तूक्कु म्हणतात. मला वाटलं, माझं रडणं ही बाई घेऊन चालली आहे. शास्त्राला धरून असेल नसेल, मला तसं वाटलं एवढं खरं.

काका गेले तेव्हा मंडळ मोडल्यातच जमा होतं. निम्मी माणसं यायचीच थांबली, बाकीची शहरात दुसरीकडे निघालेल्या एका केंद्रात गेली. तिथे गार खोली, मंद संगीत आणि भिंतीवर धबधब्याचं चित्र. आमच्याकडे उरल्या अन्नपूर्णाबाई आणि मी. काही गुरुवार असे गेले की कोणी म्हणजे कोणी आलं नाही. तरी बाई खाट झाडायच्या, चादर घालायच्या, पाण्यात मीठ सोडायच्या आणि वेळ झाली की डबा भरून निघायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं की आज कोणाचं दुखणं नेता आहात. त्या म्हणाल्या, "आपण दोघी बसलो होतो की इथे. आपल्या काळज्या नाहीत काय?"

डबा मी नेते, असंही मी म्हणून बघितलं होतं. त्यांनी तो मागे ओढून घेतला. "तुझ्या घरी लेकरू आहे. माझ्या घरी कोण आहे? भिंत आहे नि मी." लेकरू म्हणजे माझी नात, रुचा. पुढे हळूहळू माणसं परत आली, नवी आली. पण डब्याचं उत्तर प्रत्येकाला तेच मिळत गेलं. कोणाच्या घरी लेकरू, कोणाच्या घरी म्हातारे आईवडील, कोणाचं लग्न ठरलेलं. सगळं जग सांभाळायचं होतं, बाई सोडून.

नव्या आलेल्यांत सहाना. वेलचेरीहून लोकल गाडीने येते, कंपनीत संगणकावर काम करते, मराठी घरातली पण बोलायला इंग्रजी आणि तमिळ सोपं वाटणारी. मंडळाची सगळी व्यवस्था आता तिच्याकडे. रामस्वामी गेल्यावर तिने मला गॅलरीत बोलावलं आणि म्हणाली की पाटींचा सत्कार करू या, शाल, हार, सगळ्यांनी दोन शब्द बोलायचे. मग म्हणाली की त्यानंतर त्यांनी नुसतं येऊन बसावं, हात ठेवायचं काम बाकीचे करतील.

म्हणजे सत्काराच्या नावाखाली निरोप. मी तोंडावर तसं म्हटलं. पोरीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आंटी, त्यांनी इतक्या लोकांचं ओढून घेतलं, म्हणूनच त्यांना हे झालं ना? मी त्यांना आणखी कसं घेऊ देऊ?"

हे खूळ तुझ्या डोक्यात कोणी घातलं आणि बाईंच्या कानावर तर घातलं नाहीस ना, असं मी तिला दरडावून विचारलं. तर ती म्हणाली की पाटीच स्वतः असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी गेले. एका खोलीचं बिऱ्हाड, दारात कोलम. रोज रेखीव असणाऱ्या त्या रांगोळीच्या रेघा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या आणि मधले ठिपके एकमेकांत मिसळले होते. मी तो ओलांडून आत गेले आणि बसायच्या आधीच विचारलं की हात कधीपासून असा होतो आणि डॉक्टरला दाखवला का.

त्या कॉफी गाळत होत्या. पेला आणि त्याखालची वाटी, दावरा, माझ्यासमोर ठेवेपर्यंत निम्मी कॉफी पेल्यातून दावऱ्यात आली होती. म्हणाल्या की होतो आहे बरेच दिवस, आणि डॉक्टरचं यात काय काम. लोकांना रक्तदाबाच्या गोळ्या चुकवल्या म्हणून फैलावर घेणारी हीच बाई. मी त्यांना ते सुनावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तें त्यांचं दुखणं. हें माझं नाही, विद्यू. हें अस्क्यांचं आहे. डॉक्टर माझ्या दुखण्यावर औषध देईल. अस्क्यांच्यावर कुठून देईल?"

मी कपाळाला हात लावला. मग मला वाटलं, यांच्याच रीतीने यांना धरावं. मी विचारलं, "काका काय सांगायचे? मीठ धरून ठेवतं. समुद्र घेतो. मग तुमच्या हातात काय राहिलं?"

त्या उठल्या, कोपऱ्यातला डबा आणला आणि कडीच्या खालची जागा मला दाखवली. तिथला टाका सुटला होता. "हा गळतो," त्या म्हणाल्या. "वाटेवर बोटांवर येतं पाणी. उजव्या हातावर. नवा घ्यावा म्हणून किती वेळा मनांत आलं. पण हा काकांनी दिलेला."

डबा जुना म्हणून हात थरथरतो. त्यांच्या हिशेबात कुठे फटच नव्हती. मी हसले असते, पण बाईंनी तो डबा मांडीवर असा धरला होता की हसू आलं नाही. शेवटी मी सरळ सांगितलं की हा मज्जातंतूंचा आजार असू शकतो, लवकर औषध सुरू केलं तर हात बराच सावरता येतो, आणि तुम्ही असंच दवडलंत तर उद्या घास तोंडापर्यंत न्यायला कोणीतरी लागेल. आणि तुमच्या घरी भिंत आहे. भिंत घास भरवणार आहे का?

त्यांनी डबा उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाल्या, "मी औषध घेतलं, माझा हात बरा झाला, तर मग त्या पाण्याचं काय? तें कोणाकडे जाईल? तुझ्याकडे? त्या पोरीकडे? मला तें नको. विडु, विद्यू. सोड तें."

घरी येताना मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी माया आली होती की बस चुकली तरी कळलं नाही. ज्या विश्वासाने त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं, तोच आता त्यांना खाली ओढत होता. तो वादाने तुटणारा नव्हता. उरलं होतं एकच. ते पाणी माझ्या हातात यायला हवं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मला काही व्हायला नको होतं.

पुढच्या गुरुवारी सत्कार झाला. सहानाने खाटेला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. खोली भरून माणसं बाहेर जिन्यावर उभी होती, खालच्या मजल्यावरची दोन मुलंही येऊन ऐकत होती. बाई खुर्चीत बसल्या होत्या, खाली बघत, हात पदराखाली घेऊन. सहानाने शाल घातली. चेन्नईच्या उकाड्यात लोकरीची शाल. लोक बोलले, बरेच रडले. रामस्वामीही आले होते. ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

माझी पाळी आली तेव्हा मी भाषण केलंच नाही. टेबलाखालून तो कडीचा डबा काढला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आज हा मी नेणार आहे," मी म्हणाले. "म्हणजे आज तुमच्या हाती पाणी नाही. म्हणजे आज तुम्ही खाटेवर झोपू शकता. रीत तुमच्या काकांचीच आहे."

बाईंनी मान वर केली. "तुझ्या घरी रुचा आहे," त्या म्हणाल्या.

"आहे. पाणी ओतून मी घरी जाणार आणि तिला कुशीत घेऊन झोपणार. उद्याही, परवाही. तुम्ही येऊन बघा तिला काही होतं का. नाही झालं तर माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं."

"आणि झालं तर?"

प्रश्न त्यांनी विचारला, पण सगळी खोली माझ्याकडे बघत होती. रुचाला परवाच ताप येऊन गेला होता. क्षणभर वाटलं, डबा खाली ठेवावा. मग मी बाईंच्या पदराकडे बघितलं. आतला हात हलत होता आणि पदर त्याच्याबरोबर हलत होता.

"तर आपण दोघी मिळून तिला डॉक्टरकडे नेऊ," मी म्हणाले. "लेकराला ताप आला की तेच करतात."

त्या उठायला इतका वेळ घेत होत्या की मला वाटलं, नाही म्हणणार. मग त्यांनी बांगड्या मागे सारल्या, शाल घडी करून उशाला ठेवली आणि खाटेच्या कडेवर बसल्या. आडवं होताना एखाद्या परक्या घरी आल्यासारख्या त्या अवघडल्या होत्या. पाय कुठे ठेवायचे हे त्यांनी मला विचारलं. शेकडो लोकांना ज्या बाईने सांगितलं, तिने मला विचारलं.

आम्ही हात ठेवले. सहाना उशाशी, मी उजव्या बाजूला, बाकीचे जमेल तिथे. मग मागून रामस्वामी पुढे आले आणि त्यांनी विचारलं की मला येत नाही, पण पावलांवर ठेवू का. सहानाने मान हलवली. त्या माणसाने दुखरे गुडघे मोडून जमिनीवर बसत दोन्ही हात बाईंच्या पावलांवर ठेवले.

बाईंचा हात माझ्या तळव्याखाली हलतच होता. बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक, आणि तो आवाज थांबला. सहानाने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चमत्कार बघितल्याचा आनंद होता. बाईंना झोप लागली होती. झोपेत असा हात थांबतो, हे मी वाचलं होतं. त्या झोपल्या होत्या, हे मला पुरे होतं.

जाग आली तशा बांगड्या पुन्हा वाजायला लागल्या. बाईंनी हात डोळ्यांसमोर धरून बघितला आणि म्हणाल्या, "आहे अजून." मग जरा वेळाने, "पण झोंप छान लागली."

आम्ही सगळ्यांनी एकेक करून मिठाच्या पाण्यात हात धुतले. रामस्वामींनीही धुतले. ते पाणी मी डब्यात ओतलं. सहाना म्हणाली की मी येते बरोबर, पण बाईंनी तिला थांबवलं. शाल खांद्यावर टाकली आणि माझ्यामागून जिना उतरायला लागल्या.

गल्लीतून, फुलांच्या दुकानांवरून, मग हमरस्ता ओलांडून आम्ही वाळूवर आलो. बाई माझ्या मागे दोन पावलं चालत होत्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मधेच पदर सावरत होत्या, मधेच शाल. डबा खरंच गळत होता. पाणी माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत आलं होतं, गार आणि चिकट. मी ते पुसलं नाही. त्यांना दिसावं म्हणून हात जरा पुढे धरूनच चालले. मरीनाची वाळू ओलांडता ओलांडत नाही. उसळीसारखं सुंडल विकणारे, घोड्यावर बसलेली पोरं, पतंग. या सगळ्यांतून बाई दर गुरुवारी एकट्या हे ओझं घेऊन जात आणि परत येऊन आम्हाला विचारत, जेवलात का.

पाण्यापाशी मी चपला काढल्या आणि आत गेले. लाट आली तसा डबा उलटा केला. काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी बाईंचं नाव घेतलं, आणि मग रुचाचंही घेतलं. भीती वाटलीच नाही असं मी म्हणणार नाही.

मागे वळून बघायचं नाही म्हणून मी समुद्राकडे पाठ करून सरळ काठावर आले. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डबा माझ्या हातातून काढून वाळूवर ठेवला. मग खांद्यावरची शाल घेतली, मघाशी सत्कारात घातलेली, अजून घडीच्या खुणा असलेली, आणि तिने माझा उजवा हात पुसायला लागल्या. एकेक बोट.

"घरी जाऊन खरंच जवळ घेशील ना तिला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"सेरी. बरं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरसमोर मला बोलायला येत नाही. तू बोल हं."

त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे माझाही हलत होता. बोटं कोरडी झाली तरी त्या पुसतच राहिल्या. मी हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.